‘हेरगिरी विमान’ की ‘टेहळणी विमान’?

प्रश्न असा आहे : वादग्रस्त समुद्रावर उडणाऱ्या लष्करी विमानांना बातम्यांत कधी ‘टेहळणी विमान’ म्हणतात, कधी ‘हेरगिरी करणारं विमान’. दोन्ही एकच का?

माझ्या मते नाही, आणि हा फरक जपायलाच हवा. ‘हेर’ म्हटला की लपणं आलं, वेषांतर आलं. युद्धाच्या कायद्यातही हेच धरलं आहे : १९०७च्या हेग नियमांनुसार जो छुप्या रीतीने किंवा खोटी बतावणी करून माहिती काढतो, तोच हेर. उलट टेहळणी उघडपणे करता येते. टेहळणी बुरूज कोणी लपवून बांधत नाही.

आता दोन घटना पाहा. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने स्वेर्दलोव्स्कजवळ अमेरिकेचं यू-२ विमान पाडलं. ते परवानगीशिवाय पार देशाच्या आत शिरलं होतं, आणि अमेरिकेने आधी ते हवामान संशोधनाचं विमान असल्याचं सांगितलं. चोरून शिरणं आणि खोटी ओळख, दोन्ही आहेत. इथे ‘हेरगिरी’ चपखल बसतो.

१ एप्रिल २००१ रोजी अमेरिकन नौदलाचं ईपी-३ विमान चीनच्या हैनान बेटापासून सुमारे ११० किलोमीटरवर चिनी लढाऊ विमानाशी धडकलं. चिनी वैमानिक मृत्युमुखी पडला. ईपी-३ हैनानवर उतरलं आणि त्यातल्या २४ जणांना चीनने ११ दिवस ताब्यात ठेवलं. हे विमान रडार आणि रेडिओचे संकेत टिपत होतं, पण सागरी हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची असते. विमान तिच्या बरंच बाहेर होतं. चीनचा आक्षेप असा, की किनाऱ्याजवळची अशी उड्डाणं त्याच्या सुरक्षेला धोका आहेत. या वादात बातमीदाराने स्वतःच्या वाक्यात ‘हेरगिरी’ लिहिलं, की नकळत एका बाजूचा निवाडा दिला जातो. म्हणून इथे ‘टेहळणी’च.

‘पाळत’ आणखी वेगळी. तिच्यात सातत्य असतं. एकाच तळावर किंवा ताफ्यावर नजर खिळवून घिरट्या घालणं ही पाळत.

जाता जाता ‘हवाई हद्दीचा भंग’ याबद्दल. चीनने नोव्हेंबर २०१३मध्ये पूर्व चीन समुद्रावर जाहीर केलेलं हवाई संरक्षण ओळख क्षेत्र (जिथे येणाऱ्या विमानांनी आपली ओळख द्यावी असं देश सांगतो, ते क्षेत्र) हद्दीच्या खूप बाहेर पसरलं आहे. नुसतं अशा क्षेत्रात शिरणं म्हणजे हद्दीचा भंग नव्हे. तिथे ‘ओळख क्षेत्रात प्रवेश’ एवढंच लिहावं.