युक्रेनमध्ये कोर्टात वकिली करणारा माणूस सरकारी पदावर कसा पोचतो? वकिलीचा त्याला तिथे खरंच उपयोग होतो का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: वाट कोणती आणि उपयोग किती. आजची वाट थोडक्यात सांगता येईल, ती शेवटी सांगते. पण मला आधी ज्या वकिलाबद्दल लिहायचंय तो आजचा नाही. लेव्को लुक्यानेन्को. 24 ऑगस्ट 1991 रोजी युक्रेनच्या संसदेने स्वातंत्र्याची जी घोषणा मंजूर केली, तिचा मसुदा या माणसाचा. मी स्वतः जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करते. नोटिसा, दावे, कैफियती लिहिण्यातच दिवस जातो, त्यामुळे मसुदा चांगला असला की मला तो ओळखू येतो. लुक्यानेन्कोंचा तो मसुदा मी जितक्यांदा वाचला तितक्यांदा थक्क झाले आहे.

जन्म 1928 चा, उत्तर युक्रेनमधल्या चेर्निहिव भागातल्या ख्रिपिव्का गावात. लहानपणी 1932-33 चा मानवनिर्मित दुष्काळ पाहिला. कागदोपत्री वय एक वर्षाने जास्त लागलं होतं, त्यामुळे कोवळ्या वयातच सोव्हिएत सैन्यात भरती झाली. 1953 मध्ये मॉस्को विद्यापीठात कायद्याला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. 1958 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्यावर पक्षाने त्यांना पश्चिम युक्रेनमध्ये, ल्विव प्रांतातल्या रादेखिव तालुक्यात प्रचारकाच्या कामावर पाठवलं. त्या भागात सोव्हिएत सत्तेविरुद्ध जंगलातून लढणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त होऊन फार वर्षं झाली नव्हती. बंदुकीच्या वाटेने जाणाऱ्यांचं काय झालं, हे प्रत्येक गावाला ठाऊक होतं. लुक्यानेन्को पक्षाच्या नोकरीतून वकिलीकडे वळले आणि ह्लिन्यानी नावाच्या छोट्या गावात काम करू लागले.

इथे त्यांची वकिली बुद्धी कामाला लागली. 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेचं कलम 17 सांगत होतं की प्रत्येक प्रजासत्ताकाला संघातून मुक्तपणे बाहेर पडण्याचा हक्क राखून ठेवला आहे. युक्रेनच्या स्वतःच्या राज्यघटनेतही, कलम 14 मध्ये, तेच होतं. मात्र तो हक्क बजावायचा कसा, अर्ज कुणाकडे करायचा, किती मतं लागतील, यावर कुठेही एक ओळ नव्हती. कोर्टात रोज उभं राहणाऱ्या माणसाला असं कलम दिसलं की तो पहिला प्रश्न विचारतो: हक्क दिलाय, मग तो मागण्याचा मार्गही असलाच पाहिजे ना? लुक्यानेन्कोंनी नेमका हाच प्रश्न धरला. शेजारच्या पेरेमिश्ल्यानी गावात वकिली करणारे इव्हान कांदिबा आणि पक्षाचे प्रचारक स्तेपान विरून यांच्यासोबत त्यांनी 1959 मध्ये ‘युक्रेनियन कामगार-शेतकरी संघ’ उभा केला. शस्त्रं नाहीत, कट नाही. लोकांना समजावायचं आणि घटनेने दिलेला बाहेर पडण्याचा हक्क शांततेने मागायचा, एवढाच कार्यक्रम. त्याचा मसुदाही लुक्यानेन्कोंचाच.

नोव्हेंबर 1960 मध्ये ही मंडळी ल्विवमध्ये बसली. मसुद्याची भाषा फार तिखट झाली आहे, ती सौम्य करून पुन्हा लिहावी, कायदेशीर हक्कांवर जास्त भर द्यावा, असं ठरलं. पुढची बैठक जानेवारीत होती. त्या बैठकीच्या एक-दोन दिवस आधीच सगळ्यांना अटक झाली.

खटला मे 1961 मध्ये ल्विवच्या प्रांतिक न्यायालयात बंद दाराआड चालला. आरोप मातृभूमीशी द्रोहाचा. जरा थांबून हे बघा. घटनेत लिहिलेला हक्क मागायचं ठरवलं, एवढ्यावर देशद्रोह कसा होतो? कृती नाही, हत्यार नाही, परकीय सत्तेशी संधान नाही. आणि पुरावा म्हणून पुढे केलेला मसुदा तर त्यांनी स्वतःच बदलायला काढला होता. बचावाचा मुद्दा याहून सरळ असू शकत नाही. तरी लुक्यानेन्कोंना मृत्युदंड झाला, गोळ्या घालून. कांदिबांना 15 वर्षं. युक्रेनमध्ये हा खटला आजही ‘वकिलांचा खटला’ म्हणूनच ओळखला जातो.

मृत्युदंडाच्या कोठडीत ते सत्तर-बहात्तर दिवस होते. रोज सकाळी दार उघडलं की आज नेतील का, हे कळायला मार्ग नाही. जुलैमध्ये युक्रेनच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा बदलून 15 वर्षांची केली. तेव्हा त्यांचं वय होतं 32.

मग रशियातल्या कैदेच्या जागा एकामागून एक: मोर्दोव्हियातल्या छावण्या, व्लादिमिरचा तुरुंग, पेर्म. पण वकिली सुटली नव्हती. छावणीत बसून त्यांनी आणि कांदिबांनी आपल्याच निकालाविरुद्ध अर्जांवर अर्ज लिहिले. खटला बंद दाराआड का, हक्क घटनेत असताना गुन्हा कसा, असं मुद्देसूद. वरच्या न्यायालयात अपील लिहावं तसेच ते लिहिलेले आहेत. सरकारदरबारी त्यांची दखल कुणी घेतली नाही. पण हाताने उतरवलेल्या प्रतींतून ते बाहेर आले आणि 1960 च्या दशकातच परदेशात छापले गेले. जिथे निकाल बदलण्याची सुतराम शक्यता नाही तिथेही नोंद व्हावी म्हणून नीट अर्ज लिहायचा, याचं मोल आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

शिक्षा पूर्ण भोगून जानेवारी 1976 मध्ये ते सुटले. चेर्निहिवमध्ये पोलिसांच्या देखरेखीखाली राहायचं आणि कायद्याचं काम करायचं नाही. म्हणून मग इलेक्ट्रिशियनचं काम. पण 1 ऑगस्ट 1975 रोजी सोव्हिएत संघाने हेलसिंकीत मानवी हक्कांची कलमं असलेल्या दस्तऐवजावर सही केली होती. पुन्हा तीच पद्धत: तुमचाच सहीचा कागद, तो तुम्ही पाळताय का ते आम्ही तपासतो. 9 नोव्हेंबर 1976 रोजी कीवमध्ये युक्रेनियन हेलसिंकी गट स्थापन झाला. संस्थापक दहा जण, त्यात लुक्यानेन्को आणि कांदिबा दोघेही. वर्षभरातच, डिसेंबर 1977 मध्ये, पुन्हा अटक. 1978 मध्ये होरोद्न्या गावात खटला होऊन 10 वर्षं विशेष कडक छावणी आणि वर 5 वर्षं हद्दपारी. सगळं मिळून या माणसाची 25हून अधिक वर्षं कैदेत आणि हद्दपारीत गेली.

1988 च्या अखेरीस सुटका झाली आणि त्यानंतरचा वेग बघण्यासारखा आहे. मार्च 1990 मध्ये संसदेत, म्हणजे व्हेर्खोव्ना रादेत, ते निवडून आले. एप्रिलमध्ये युक्रेनियन रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष झाले. सोव्हिएत युक्रेनमध्ये कम्युनिस्टांखेरीज रीतसर नोंदणी झालेला हा पहिला पक्ष.

आता ऑगस्ट 1991. 19 तारखेला मॉस्कोत कट्टर कम्युनिस्टांनी सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, तो तीन दिवसांत फसला. 24 तारखेला रादेचं तातडीचं अधिवेशन बोलावलं होतं. स्वातंत्र्यवादी सदस्यांचा गट आदल्या संध्याकाळी बसला आणि मसुद्याचं काम लुक्यानेन्कोंकडे आलं. त्यांनी शाळकरी वहीत हाताने लिहिलं. सभागृहात बहुमत कम्युनिस्टांचं. लांबलचक मसुदा पुढे ठेवला असता तर शब्दाशब्दावर खल झाला असता, दुरुस्त्या आल्या असत्या, समिती नेमली गेली असती आणि संधी हातची गेली असती. म्हणून मसुदा इतका छोटा की उभ्या उभ्या वाचून होतो.

वकिलाच्या नजरेने वाचा म्हणजे खरी करामत दिसते. 1960 मध्ये ज्याने सोव्हिएत घटनेतल्या बाहेर पडण्याच्या हक्कावर आयुष्य पणाला लावलं, त्याने 1991 मध्ये त्या हक्काचा उल्लेखसुद्धा केला नाही. हक्क तेव्हाही शाबूत होता, 1977 च्या घटनेत कलम 72 म्हणून. पण आता त्याला एक शेपूट जोडलं होतं. 3 एप्रिल 1990 च्या सोव्हिएत कायद्याप्रमाणे बाहेर पडायला सार्वमतात दोन-तृतीयांश मतदारांचा होकार हवा आणि वर पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ. तीस वर्षांपूर्वी जी कार्यपद्धती नव्हती ती आता आली होती, आणि आली होती ती वाट अडवायला. सोव्हिएत घटनेचा आधार घेतला असता तर हा कायदाही गळ्यात पडला असता. लुक्यानेन्कोंनी आधार घेतला तो राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाचा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतला. युक्रेन 1945 पासून संयुक्त राष्ट्रांचं संस्थापक सदस्य असल्याने ती सनद त्याला परकी नव्हती. जोडीला मॉस्कोतल्या सत्तापालटामुळे ओढवलेला धोका, हजार वर्षांची राज्यपरंपरा आणि 16 जुलै 1990 ला रादेनेच मंजूर केलेली सार्वभौमत्वाची घोषणा. आणि मग ते वाक्य: या प्रदेशावर यापुढे फक्त युक्रेनची राज्यघटना आणि युक्रेनचे कायदे लागू राहतील. मॉस्कोला उद्देशून एक शब्द नाही, परवानगी नाही, विनंती नाही. ज्या दस्तऐवजाने बांधलं जाईल त्याचं नावच घ्यायचं नाही, हे सुचायला आयुष्यभर कायदा पचवलेला माणूस लागतो.

346 मतांनी तो मंजूर झाला. त्या दिवशी लुक्यानेन्कोंचा वाढदिवसही होता. शिक्कामोर्तबासाठी 1 डिसेंबरला सार्वमत घ्यायचं ठरलं. 84 टक्क्यांवर मतदान झालं आणि त्यातल्या 90.32 टक्के लोकांनी होकार दिला. गणित मांडून बघा: एकूण मतदारांच्या सुमारे 76 टक्के. म्हणजे ज्या सोव्हिएत अटीला त्यांनी बगल दिली, ती दोन-तृतीयांशाची अटही लोकांनी पुरी करून टाकली.

त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. लुक्यानेन्को उभे होते. लेओनिद क्राव्चुक 61.59 टक्के मतं घेऊन जिंकले, छावणीतलेच जुने कैदी व्याचेस्लाव चोर्नोविल दुसरे आणि लुक्यानेन्को 4.49 टक्क्यांवर तिसरे. कालपर्यंत कम्युनिस्ट पक्षाचा विचारप्रणालीप्रमुख असलेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, आणि घोषणा लिहिणाऱ्याला शंभरात पाचही मतं नाहीत. याची खंत मला वाटते. सरकारी पद म्हणावं असं पद मिळालं ते 1992 मध्ये, कॅनडातल्या पहिल्या युक्रेनियन राजदूताचं. कॅनडात स्थायिक युक्रेनियन समाज मोठा, आणि स्वतंत्र युक्रेनला सर्वात आधी मान्यता देणाऱ्या देशांत कॅनडा होता, त्यामुळे जागा मानाची होती. पण कीवच्या धोरणाशी पटेना म्हणून 1993 मध्येच राजीनामा देऊन ते परतले. नंतर अनेक वर्षं खासदार राहिले. 2005 मध्ये ‘हिरो ऑफ युक्रेन’ हा सर्वोच्च किताब मिळाला, 2018 मध्ये निधन झालं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. उतारवयात त्यांनी ज्यूंविरुद्ध उघड द्वेषाची विधानं केली, 1932-33 च्या दुष्काळाचं खापर ज्यूंवर फोडलं. ती विधानं खोटी होती आणि घातक होती. पुराव्याशिवाय दिलेल्या निकालाने ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्यानेच एका अख्ख्या समाजावर असा आरोप करावा, हे मला अजून पचत नाही. त्यांच्याबद्दल आदराने लिहिताना हे लिहिलंच पाहिजे.

तर उपयोग किती, याचं माझं उत्तर असं: पदावर बसून त्यांनी केलेलं काम साधारणच. वकिलीने जे साधलं ते खासदारकीच्या बाकावर, एका कागदात.

आता आजची वाट. आज युक्रेनमध्ये सरकारी पद घेणाऱ्या वकिलाला कायद्याने आपली वकिली स्थगित करावी लागते. 2012 चा वकिलीविषयक कायदा तसं सांगतो. 2016 च्या घटनादुरुस्तीनंतर दहा वर्षं वकिली केलेल्या माणसाला थेट सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी स्पर्धेत उतरता येतं. पूर्वी ही दारं बहुतेक आतल्यांसाठीच होती. पण जास्त रुळलेली वाट पक्षाच्या यादीतून जाते. ओदेसाचे आंद्रिय कोस्तिन तिचं ठळक उदाहरण. तिथे वकिली, प्रांताच्या वकील परिषदेत पदाधिकारी, 2019 मध्ये झेलेन्स्कींच्या पक्षाकडून संसदेत, मग विधी धोरण समितीचे अध्यक्ष. मध्ये भ्रष्टाचारविरोधी विशेष सरकारी वकील कार्यालयाच्या प्रमुखपदाच्या स्पर्धेत उतरले, तिथे निवड झाली नाही. जुलै 2022 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ते देशाचे महाअभियोक्ता, म्हणजे सर्वोच्च सरकारी वकील, झाले. युद्धगुन्ह्यांच्या एक लाखावर नोंदी त्या कार्यालयाकडे जमल्या, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च 2023 मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन यांच्याविरुद्ध वॉरंट काढलं. ऑक्टोबर 2024 मध्ये काही सरकारी वकिलांनी खोटी अपंगत्व प्रमाणपत्रं मिळवल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि कोस्तिन यांनी जबाबदारी घेऊन पद सोडलं. पुढे त्यांची नेमणूक नेदरलंड्समध्ये राजदूत म्हणून झाली. हेग त्याच देशात असल्याने युद्धगुन्ह्यांच्या कामाशी त्यांचा संबंध अजून आहे.