आधी नुसत्या बोअरच्या पाण्यातला नायट्रेट मोजा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली: 100 लिटरचा माशांचा टँक, दर रविवारी पाव भाग पाणी बदलायलात, तरी नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणारा क्षार) 80 पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे 80 मिलिग्रॅमच्या, खाली येईना, दोन एंजल मासे गेले आणि दुकानदारानं नायट्रेट घालवायची बाटली गळ्यात मारली. तुमच्या लिहिण्यातलं जालना काढून परभणी टाकलं, तर ही माझीच जुनी रडकथा आहे.

टँकची सायकल (घाण पचवणारे जिवाणू आधी तयार होऊ देणं), फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळणं, उरलेलं खाद्य काढणं हे सगळं तुम्ही करत असणार, त्यात वेळ घालवत नाही. तुम्ही एकच आकडा दिला नाही आणि मला तोच पाहिजे. नुसत्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती आहे?

का विचारतो ते सांगतो. समजा, तुमच्या माशांमुळे आठवड्याला 10 पीपीएम नायट्रेट वाढतो आणि तुम्ही पाव पाणी बदलता. बदलायच्या पाण्यात नायट्रेट शून्य असला, तरी काही आठवड्यांनी बदलण्याआधीचा आकडा 40 वर येऊन थांबतो. बोअरमध्येच 40 असेल तर तो 80 वर थांबतो. म्हणजे तुमचाच आकडा! सूत्र सोपं आहे: आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा, अधिक बोअरचा आकडा. त्यातला बोअरचा आकडा पाणी कितीही बदललं तरी हलत नाही. खारट आमटीत खारंच पाणी ओतल्यासारखं आहे ते.

आता माझं कुठं अडलं ते ऐका. बोअरचं पाणी मी रीतसर तपासून घेतलं होतं, एका सरकारी प्रयोगशाळेत. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. कागदावर आलं: नायट्रेट 9.6, शेरा 'पिण्यास योग्य'. घरचं किट मात्र त्याच पाण्याला 40 दाखवायचं. शिक्का मारलेला कागद एकीकडे आणि दुकानातलं किट दुसरीकडे, माणूस कशावर विश्वास ठेवील? किट खराब समजून फेकलं, दुसरं आणलं, तेही 40. मग फिल्टर बदलला, तळाची वाळू उपसली, मासे कमी केले. त्या वर्षात जेवढा पैसा घातला तेवढ्यात नवा टँक उभा राहिला असता.

दोन आकड्यांत एवढा फरक का, हे विचारायला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "पिण्यालायक हाय म्हणून लिहिलंय की. माणसाला चालतंय ते माशाला काय होतंय?" आत जाऊन साहेबांना भेटलो. ते म्हणाले, माशांसाठी इथं तपासणी होत नाही, अर्ज मत्स्य विभागाकडं करा. कागद पुढे सरकवून हा 9.6 कशाचा, एवढंच विचारत होतो. वाचूनही बघितला नाही.

शेवटी ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी कागद बघितला आणि तिथल्या तिथं उलगडा केला. तो 9.6 नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा होता. पूर्ण नायट्रेटचा आकडा पाहिजे तर त्याला 4.43 नं गुणायचं. झाले साडेबेचाळीस! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्यामुळे शेराही बरोबर आणि आकडाही बरोबर. फक्त 'नायट्रोजन म्हणून' एवढे दोन शब्द छापायचे राहिले होते, आणि ते तोंडी सांगायलाही कुणी तयार नव्हतं. तुमच्याकडं असा रिपोर्ट असेल तर आधी ते विचारून घ्या, आणि 'पिण्यास योग्य' या शेऱ्यावर टँक चालवू नका. टँकमधला नायट्रेट शक्यतो 20 च्या आसपास, फार तर 40 च्या आत ठेवायचा म्हणलं तर 45 चं पाणी काय कामाचं?

किटबद्दल एक. एपीआय कंपनीचं असेल तर दुसऱ्या क्रमांकाची बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा, थेंब टाकल्यावर नळी मिनिटभर हलवा. नाहीतर आकडा खोटा कमी येतो. 40 आणि 80 चा लाल रंग डोळ्याला सारखाच दिसतो, म्हणून नमुना आरओच्या पाण्यात निम्मा करून तपासा आणि उत्तर दुप्पट करा. आरओच्या पाण्याचा स्वतःचा आकडा आधी बघून घ्या.

उपाय विचाराल तर माझं मत असं, पटलं तर घ्या. आरओचं आणि बोअरचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. आरओ नायट्रेट पूर्ण काढत नाही, पण बराच काढतो. आपलं बोअरचं पाणी जड असतं, ते निम्मं राहिलं की क्षारही टिकतात. नुसतं आरओचं पाणी भरू नका, अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवणारे क्षार) संपून पीएच कोसळतो. उकळणं, तुरटी, कोळशाचा फिल्टर यांनी नायट्रेट जात नाही. उकळून तर पाणी आटतं आणि तो वाढतो. ती दुकानातली बाटली परत घेत असतील तर देऊन टाका.

'दर आठवड्याला अर्धं पाणी बदला' हा सल्ला चोवीस तास नळ असणाऱ्यांचा. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपण ते बघितलंय. आरओ जेवढं शुद्ध पाणी देतो त्याहून जास्त बाहेर टाकतो, ते फरशी पुसायला धरून ठेवा. टँकमधून काढलेलं पाणी मात्र झाडांना सोनं आहे. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस सोडून गच्चीचं पाणी साठवा. माझा टँक श्रावण-भादव्यात त्याच्यावरच असतो, थोडं बोअरचं मिसळून. पत्र्यावरचं मी घेत नाही, जस्ताची भीती वाटते.

नायट्रेट शोषून घ्यायला टँकमध्ये मनी प्लांटच्या फांद्या लावा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. वाढ दिसायला महिना-दीड महिना जातो, घाई करू नका. आणि खाद्याचा हिशोब एकदा मांडाच: 40 टक्के प्रथिनांचं एक ग्रॅम खाद्य 100 लिटरमध्ये जास्तीत जास्त 2.8 पीपीएम नायट्रेट तयार करतं. मासा वाढतो तेवढा वाटा कमी होतो, पण मोठ्या माशाची वाढ ती किती!

80 वरून एका दिवसात 20 वर आणू नका. मासे त्याच पाण्याला सरावलेले असतात, थोडं थोडं पाणी बदलत दोन-तीन आठवड्यांत खाली आणा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी भरू नका, सकाळीच काय ते करा.

एंजल नायट्रेटनंच गेले असं मी छातीठोक सांगणार नाही, 80 ला लगेच मरत नाहीत ते. अमोनिया आणि नायट्राइटही बघा. मी तज्ज्ञ नाही, गप्पी, मोली आणि एंजल एवढाच माझा संसार, डिस्कस मासे पाळणाऱ्यांनी माझं ऐकू नये.

विषयाबाहेरचं, पण राहवत नाही. घरात सहा महिन्यांच्या आतलं, वरचं दूध पिणारं बाळ असेल आणि बोअर 45 च्या वर निघाला, तर ते पाणी दुधात वापरू नका, उकळूनही नाही. लेकराच्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद त्यानं कमी होते. आजूबाजूला शोषखड्डे आणि उकिरडे असलेल्या बोअरला तर आधी तपासा, मासे नंतर.

बोअरचा आकडा आणि आठवड्याला किती वाढतो ते टाका. किती आरओ मिसळायचं त्याचा हिशोब करून देतो.