विरलेल्या लुगड्यांची गोधडी

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या माघारी त्यांची सुती नऊवारी लुगडी माझ्याकडे आली. बरीच विरली आहेत, पण भांडीवालीला द्यायला जीव होत नाही. मशीनवर गोधडी शिवावी म्हणते. मामंजींच्या टेरिकॉटच्या पँटीही त्यात घालू का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : भांडीवालीला मुळीच देऊ नका. वापरून मऊ झालेलं सूत अंगाला जसं लागतं, तसं विकतचं कुठलंच पांघरूण लागत नाही. आमच्याकडे आजीनं शिवलेली गोधडी अजून वापरात आहे. वरचा थर झिजलाय, तिथून खालच्या लुगड्याचं हिरवं सूत दिसतं.

सर्वांत विरलेलं लुगडं आधी घ्या. नऊ वार म्हणजे २७ फूट. मागेपुढे अशा चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात. लुगडं बहुधा मध्ये, बसण्याच्या जागी विरतं. या घडीत तो भाग आपसूक आत जातो आणि पदर वर येतो. पदर कापू नका. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपताना एवढी जाडी पुरे. थंडीसाठी आणखी दोन थर घाला, त्याहून जास्त नको, सुई निघत नाही. खालून नवं मांजरपाट लावणार असाल तर आधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून गोधडी गोळा होते.

मशीन मात्र नको. तिचा दाट टाका जुन्या सुताला ओळीनं भोकं पाडतो आणि कापड तिथंच फाटतं. लुगडं जमिनीवर पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा. वितीवितीवर कच्चे टाके घालून घ्या. मग कडेपासून धावदोरा सुरू करा आणि चौकटीत चौकट करत मध्यापर्यंत या. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दोरा सुतीच हवा. गाठ थरांच्या आत ओढून घ्या, म्हणजे अंगाला टोचत नाही.

टेरिकॉट घालू नका, त्यात पॉलिस्टर असतं, ते घाम पीत नाही. एखाद्या कापडाची शंका आली तर धागा जाळून पाहा. सुताची राख बोटावर भुरभुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पँटींच्या बाजाराच्या पिशव्या शिवा, त्या मशीनवर छान होतात. खिसे तसेच राहू द्या, सुट्ट्या पैशांना उपयोगी पडतात.