यवतेश्वर घाटात काच दिसेना

प्रश्न : मी साताऱ्याचा. दिवाळीत २०१५ची जुनी एसयूव्ही घेतली. परवा पावसात कासहून उतरताना वायपर फिरला की काचेवर दुधासारखा पट्टा उमटायचा. आतूनही काच धुरकट. पोरं मागे बसलेली, जीव मुठीत धरून यवतेश्वर घाट उतरलो. ब्लेड नवे टाकले, तरी तेच. काय करू?

उत्तर : दादा, आधी काच तपासा. धुराचा, पॉलिशचा तेलकट थर तिच्यावर बसतो. तांब्याभर पाणी ओता. थेंब गोळा होऊन घरंगळले, तर थर आहेच. भांडी घासायच्या लिक्विडनं दोनदा धुवा, रबरावरूनही ओलं फडकं फिरवा. फडकं काळं होईल! तरीही पट्टा राहिला, तर वायपरच्या दांड्याची स्प्रिंग सैल झाली असेल. दांडा काचेवर दाबून बसायला हवा.

आतल्या धुक्याला एसी लावा, वारा काचेवर सोडा आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा. पायाखालची मॅट मात्र उचलून बघाच. ओली असेल, तर बॉनेटमागच्या जाळीखाली पाला अडकून पाणी आत झिरपत असू शकतं. तो काढेपर्यंत पोरांना घेऊन रात्रीचा घाट नको.