'गो' म्हणजे फक्त 'जाणे' का? आणि मग 'वेंट' कुठून आलं?

'गो' म्हणजे 'जाणे', तर मग नासलेल्या दुधालाही 'गो' कसं लागतं आणि भूतकाळात एकदम 'वेंट' कसं होतं, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला इंग्रजी शिकवतो. हे दोन्ही प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचला निघतात, आणि मला ते फार आवडतात.

'वेंट' मुळात 'गो'चं रूपच नाही. 'वेंड' हे वेगळं क्रियापद होतं, त्याचा भूतकाळ 'वेंट'. 'गो'चं स्वतःचं जुनं भूतकाळी रूप मागे पडलं आणि त्या जागी हे येऊन बसलं. यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही 'जातो' म्हणतो आणि कालचं सांगताना 'गेलो' म्हणतो. 'जाणे' संस्कृत 'या' धातूवरून आलं, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून. दोन्ही भाषांत नेमकं याच क्रियापदाचं असं व्हावं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता अर्थ. नाशिकरोड स्टेशनवर कुणी म्हणतं, "पंचवटी गेली." घरी यावं तर लाइट गेलेली. गाडी खरंच पुढे गेली, लाइट काही कुठे निघून गेली नाही. 'गो'सुद्धा असाच स्थिती बदलल्याचं सांगतो, आणि बहुतेकदा बिघडल्याचं: दूध 'गोज ऑफ', दिवे 'गो आउट', केस 'गो ग्रे'. मात्र थकायला आणि म्हातारं व्हायला 'गेट' लागतं. आणि जपून, अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे बंद पडत नाही, वाजतो!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'गॉन' आणि 'बीन'चा. अंबडच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलेल्या विद्यार्थिनीला विचारलं, पुण्याला कधी गेली आहेस का? ती म्हणाली, "येस, आय हॅव गॉन टू पुणे." याचा अर्थ होतो, मी पुण्याला गेलेय आणि अजून तिथेच आहे. बोलणारी समोर बसलेली असताना हे कसं जमेल? तिथे "आय हॅव बीन टू पुणे" हवं, म्हणजे जाऊन आलेय. 'गॉन' कुणाला, तर जो आत्ता इथे नाही त्याला. फोनवर वडिलांना कुणी विचारलं आणि ते त्र्यंबकला गेलेले असतील, तर "ही हॅज गॉन टू त्र्यंबक" अगदी बरोबर. संध्याकाळी ते घरी आले की "ही हॅज बीन टू त्र्यंबक". मराठीत 'गेलेत' आणि 'जाऊन आलेत' हा फरक आपण रोज करतोच. इंग्रजी वाक्य बोलण्याआधी तो मनात धरा, मग सहसा चूक होत नाही.

आणखी एक. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. म्हणून पुष्कळ जण इंग्रजीतही उठता उठता "ओके, आय कम" म्हणतात, आणि समोरच्याला कळत नाही की हा निघालाय की थांबतोय. तिथे सरळ "आय शुड गो नाऊ" म्हणा. त्यात अशुभ किंवा तुसडं काही नाही.