'डेव्हिल मे क्राय ४' हा ॲक्शन व्हिडिओ गेम घ्यावा का? फायटिंग भारी म्हणतात, मग लोक अर्ध्यात का सोडतात?

घ्या. सेलमध्ये स्वस्त मिळतोय म्हणताय तर नक्की घ्या, फक्त २००८ ची मूळ आवृत्ती न घेता २०१५ ची स्पेशल एडिशन घ्या. तुमचा पीसी जुना आहे याची फार काळजी करू नका, कॅपकॉम कंपनीचा हा गेम साध्या मशीनवरही छान पळतो. फायटिंग भारी आणि लोक अर्ध्यात सोडतात, या दोन्ही गोष्टी तुमचे जळगावचे मित्र खऱ्या सांगतायत. मी चाळीसगावचा. हा गेम पूर्ण करून झाला तरी अजून खेळतो, आणि अजून त्याच जागांवर चिडतो.

आधी फायटिंग. सुरुवातीला तुमच्या हातात नीरो नावाचा तरुण योद्धा असतो. त्याच्या तलवारीला, रेड क्वीनला, गाडीसारखा थ्रॉटल आहे. वार केल्यावर अगदी नेमक्या क्षणी थ्रॉटलचं बटण दाबलं तर तलवार रेस होते आणि पुढचा वार आग घेऊन जातो. क्षण हुकला की साधा वार. सुरुवातीला ते बटण लक्षातच राहत नाही. मग कधीतरी बोटं तालात पडतात, वार-थ्रॉटल, वार-थ्रॉटल, आणि स्क्रीनकडे न बघता नुसत्या आवाजावरून कळतं की बसला. शिवाय नीरोचा उजवा हात राक्षसी आहे. लांबचा शत्रू त्या हाताने खेचून घ्यायचा, हवेत उडवायचा, खाली यायच्या आत परत पकडून आपटायचा. तोच तोच वार केला तर स्क्रीनवर दिसणारं लढाईचं रेटिंग हलत नाही. चाली बदलत राहिलात तरच ते डी पासून ट्रिपल एस पर्यंत चढतं.

मग बाराव्या मिशनला दांते, या मालिकेचा जुना नायक, हातात येतो आणि सगळं नव्याने शिकावं लागतं. आधीच्या तिसऱ्या भागात मिशनला निघताना त्याची एकच स्टाईल, म्हणजे लढायची पद्धत, निवडावी लागायची. इथे ट्रिकस्टर, सोर्डमास्टर, गनस्लिंगर, रॉयलगार्ड या चारही स्टाईल लढता लढता बदलता येतात. शत्रूचा घाव रॉयलगार्डने अचूक अडवायचा, लगेच ट्रिकस्टरने त्याच्या अंगावर जायचं, सोर्डमास्टरने वर उडवायचं, आणि हवेतच त्याच्या डोक्यावर पाय देऊन पुन्हा उडी घ्यायची. त्या उडीने तुमचा अर्धा झालेला वार तिथेच तुटतो आणि नवा सुरू करता येतो. हे जमायला लागलं की बाकीचे ॲक्शन गेम काही दिवस फिके वाटतात. मला अजून वाटतात.

आता लोक सोडतात कुठे? नेमके इथेच. नीरोने शहर, किल्ला, जंगल असं करत जो रस्ता कापला, तोच दांतेला उलटा चालायला लावलाय. त्याच खोल्या, तेच बॉस. बेरिअल नावाचा आगीचा बॉस पूर्ण गेममध्ये तीनदा लढावा लागतो. जागा परत वापरल्या याचं मला एवढं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की दांतेच्या हातात एवढ्या चाली दिल्या, पण त्या शिकायला लावतील अशी लढाई त्याच्या वाट्याला फार थोडी येते. जी खोली नीरोला विचार करायला लावायची, ती दांते दोन उड्यांत पार करतो. खेळाडू कंटाळतो, आणि दांते हातात बसायच्या आधीच गेम बंद करतो. माझ्या मते ही या गेमची सर्वात मोठी चूक आहे.

दुसरा त्रास कॅमेऱ्याचा. बऱ्याच ठिकाणी तो तुमच्या हातात नाही. लॉकचं (शत्रूवर नेम धरायचं) बटण दाबून ठेवून कंट्रोलरची स्टिक शत्रूच्या दिशेने दाबली की झेप घेऊन वार होतो, मागे ओढली की शत्रू वर उडतो. मध्येच कॅमेरा फिरला की पुढचं मागे होतं आणि भलताच वार निघतो. ब्लिट्झ नावाचा विजेचा शत्रू तर चौकटीच्या बाहेरूनच येऊन आदळतो. (त्याची वीज उतरेपर्यंत गोळ्याच मारा, तलवारीने अंगावर जाऊ नका.)

आणि तो फासा! एका दालनात तलवारीने मोठा फासा हाणायचा, जेवढं दान पडेल तेवढी घरं सोंगटी पुढे सरकते, नको त्या घरात गेली की शत्रू अंगावर. धुळ्याचा माझा मावसभाऊ शेजारी बसून बघत होता, तो म्हणाला, "भो, हाऊ गेम शे का सारीपाट?" हातात एवढं कसब असताना नशिबावर थांबवून ठेवणं मला आजही पटत नाही. शेवटाकडे ते पुन्हा येतं, तेव्हा तर जास्तच खटकतं.

आपल्याकडची एक अडचण वेगळी सांगतो. मिशनच्या मध्ये लाईट गेली तर ते मिशन पहिल्यापासून. मे महिन्यात दुपारी लोडशेडिंगच्या वेळेत लांब मिशन सुरू करू नका.

कीबोर्डवर खेळू नका, साधा का होईना कंट्रोलर घ्या, नाहीतर लॉक आणि स्टिकचं वर सांगितलेलं काहीच जमणार नाही. सुरुवातीला अवघडपणा विचारतात, तिथे डेव्हिल हंटर लेव्हल निवडा. स्किल विकत घ्यायला घाबरू नका, नाही आवडलं तर परत करून सगळे पॉइंट माघारी मिळतात. बाराव्या मिशनपासून कंटाळा आला तर रस्ता लवकर उरका, पण प्रत्येक लढाईत दांतेची एकच नवी चाल घोटा. गेम संपला की ब्लडी पॅलेस नावाचा वेगळा मोड उघडतो. १०१ मजले, घड्याळ चालू, ना फासा, ना कोडी, ना मागे फिरणं, फक्त लढाई. दांते मला खऱ्या अर्थाने तिथेच सापडला. स्पेशल एडिशनमध्ये तिथेच दांतेचा भाऊ व्हर्जिलही घेता येतो. त्याची स्वतःची मोहीमही आहे, पण रस्ते तेच, त्यामुळे मी त्याला पॅलेसमध्येच जास्त खेळवतो.

कंट्रोलरचं बजेट किती आहे ते खाली लिहा, त्यात काय बसेल ते सांगतो.