वॉक-इनला निघण्याआधी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज पाहिला. ‘मॅडम, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन आलं. सोमवारी पुण्यात एका रुग्णालयात वॉक-इन मुलाखत आहे. काय वाचू?’ फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं ‘हो मॅडम, हो मॅडम’ करतेस आणि ठेवल्यावर मैत्रिणीला विचारतेस, मॅडम काय म्हणाल्या ते. म्हणून लिहितेय.

शिकवायला येण्याआधी मी तीनशे खाटांच्या एका खासगी रुग्णालयात मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख होते. दर दोन-तीन महिन्यांनी फ्रेशर मुलींच्या मुलाखती व्हायच्या. टेबलाच्या त्या बाजूला बसून काय दिसतं, ते तुला सांगते.

आधी कागद. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवरचं नाव आजच शेजारी ठेवून बघ. वडिलांच्या नावात एखादा ‘राव’ जास्त असला तरी एचआरवाले फाइल बाजूला ठेवतात. हुशार मुलींच्या नेमणुका महिना महिना लटकलेल्या मी पाहिल्यात, त्याही एका वेलांटीपायी. तिन्ही वर्षांच्या मार्कलिस्ट, बोर्डाचं प्रमाणपत्र, आरएनआरएमची (परिचारिका आणि सुईण म्हणून) नोंदणी, पॅन, फोटो, हिपॅटायटिस-बी लसीचं कार्ड, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. लसीचे तीन डोस पूर्ण नसतील तर मुलाखतीत तसं सांग. लपवण्यासारखं त्यात काही नाही, उरलेले डोस ते देतात.

ओरिजिनल दाखवायचे आणि परत पिशवीत घालायचे. ‘इथेच ठेवून जा, सुरक्षित राहतील’ असं कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. माझ्या पहिल्या नोकरीत माझी प्रमाणपत्रं दीड वर्ष त्यांच्या कपाटात होती. दुसरीकडे बोलावणं आलं, तर जाता आलं नाही. तेव्हा वाटायचं, असंच असतं. तसं नसतं.

तुझा रिझ्युमे पाहिला. पहिल्या चार ओळी सायबर कॅफेवाल्याच्या आहेत, तुझ्या नाहीत. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार वगैरे. आमच्याकडे साठ अर्ज आले तर त्यातल्या पन्नासांवर हेच असायचं. ते काढ. त्या जागी लिही, कोणत्या वॉर्डात किती आठवडे होतीस आणि तिथे काय केलंस. तीन रकाने कर : नुसतं पाहिलं, सिस्टरांच्या हाताखाली केलं, स्वतः केलं. तिसरा रकाना छोटा राहिला तर राहू दे. फ्रेशरचा तो छोटाच असतो. एकीने ‘व्हेंटिलेटर हँडलिंग’ लिहिलं होतं. मी विचारलं, अलार्म वाजला तर आधी कुठे बघशील? ती म्हणाली, मशीनच्या स्क्रीनवर. आधी पेशंटकडे बघायचं, बाळ. छाती हलतेय का, रंग कसा आहे, नळी जागेवर आहे का. ते तिला पुढे कुणीतरी शिकवलंही असतं, पण आम्हाला कळलं ते एवढंच की जे हिने केलेलं नाही ते ही कागदावर लिहिते. आज रिझ्युमेत लिहिणारी उद्या चार्टवरही लिहील, ही आमची भीती.

लेखी परीक्षेत थेंबांचं गणित हमखास असतं. पाचशे मिली सलाइन आठ तासांत, सेट मिलीला वीस थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रो सेट असेल तर ६० थेंबांचा. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, तरी मुली पाठ केलेला आकडा घालतात. बायोमेडिकल कचऱ्याचे रंग विचारतात : सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, सिरिंज लालमध्ये, फुटकी व्हायल आणि ॲम्प्यूल निळ्यात, रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्यात. सीपीआर ३० दाबांना २ श्वास, दाब मिनिटाला १०० ते १२०. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीही नाही. हे तुला येतं, माझ्याच वर्गात झालंय.

रक्त चढवण्याचा प्रश्न मात्र नीट तयार कर. पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखते म्हणाला, तर काय करशील? निम्म्या मुली सांगतात ‘डॉक्टरांना कळवेन’. कळवायचंच, पण आधी रक्त बंद करायचं. सेट बदलून सलाइनवर शीर चालू ठेवायची, मग कळवायचं, नाव-नंबर पुन्हा ताडून बघायचा आणि पिशवी ब्लड बँकेला परत पाठवायची, फेकायची नाही. रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटपाशीच थांबेन, हे त्यांनी विचारायच्या आधी तू म्हणालीस तर समोरची सिस्टर मान वर करून तुझ्याकडे बघेल.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आम्ही प्रात्यक्षिकाला एक ट्रे लावून ठेवायचो. त्यात इन्सुलिनची मिलीला १०० युनिटवाली व्हायल आणि शेजारी लाल टोपणाची, मिलीला ४० युनिटवाल्या व्हायलसाठीची सिरिंज. मुद्दाम. ‘वीस युनिट काढा,’ एवढंच सांगायचं. आपल्याकडे दोन्ही ताकदीच्या व्हायली बाजारात आहेत, त्यामुळे ही चूक वॉर्डात खरोखर होते. लाल सिरिंजवर विसाच्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली येतो, आणि १०० युनिटवाल्या व्हायलमधला अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट. अडीचपट. पहाटे शुगर कुठे जाईल विचार कर.

बहुतेक मुली सफाईने भरायच्या. हात स्थिर, बुडबुडा काढलेला, स्पिरिटचा बोळा तयार. एका वर्षी एक मुलगी आली, मराठवाड्यातली, मार्क साधारण, इंग्रजी अडखळत. तिने व्हायल फिरवून वाचली, सिरिंज उचलली, परत ठेवली आणि म्हणाली, ‘मॅडम, ही सिरिंज ह्याची नाही. नारिंगी टोपणाची मिळंल का?’ आम्ही तिघी होतो. तिघींनी तिच्या नावापुढे खूण केली आणि मग उरलेला इंटरव्ह्यू नावापुरता घेतला.

त्या खोलीत तुला माझ्या इतकं येतं का, हे कुणी बघत नसतं. येत नसणारच, हे त्यांना माहीत असतं. रात्री तीन वाजता, इनचार्ज झोपेला आलेली, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, अशा वेळी तू शंका आल्यावर थांबून विचारशील की लाजेखातर भरून देशील, हे त्यांना ताडायचं असतं. म्हणून येत नसेल तिथे ‘हे मी अजून केलेलं नाही, करण्याआधी इनचार्ज सिस्टरना विचारेन’ असं सरळ म्हण. पण प्रत्येक प्रश्नाला तेच म्हणू नकोस हं, एक जण तसंही करून गेली होती.

फोनवरच्या ऑर्डरबद्दल विचारतील. डॉक्टरांनी सांगितलेलं लिहायचं, त्यांनाच परत वाचून दाखवायचं, दुसऱ्या सिस्टरला ऐकवायचं. ‘डॉक्टर म्हणाले म्हणून दिलं’ हे वाक्य चौकशीत तुझ्या कामाला येत नाही.

इंग्रजीची तुला धास्ती आहे, मला ठाऊक आहे. रांगेत केरळच्या मुली असतील, त्या फाडफाड बोलतील, आणि तुझ्या पोटात गोळा येईल. त्यांच्याशी ओळख कर, पुढे नाइटला त्याच डबा वाटून खातील. तुला हँडओव्हरपुरतं, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवण्यापुरतं इंग्रजी हवं : नाव, निदान, आज काय झालं, आता काय चालू आहे, काय राहिलं. पाच-सहा वाक्यं आरशासमोर म्हण. ‘मायसेल्फ अमुक अमुक’ एवढं तेवढं टाळ. मराठीत बोलू का, असं विचारलंस तरी चालतं. आमच्या पॅनेलवर कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणि तुझ्याकडे जे आहे ते सांगायला विसरू नकोस. खेड्यातली म्हातारी येते आणि म्हणते ‘उरात धडधड व्हतंय, जीव घाबरा झालाय’. कुणी म्हणतं कळ येते, कुणी चमक मारते, कुणी ठणकतं, कुणी नुसतं सलतंय. इंग्रजीत चार्टवर ह्या सगळ्याचं एकच ‘पेन’ होऊन बसतं. ठणका म्हटलं की मी पूची जागा शोधते, कळ म्हटलं की पोट चाचपते. सगळ्या वेळी बरोबर ठरत नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं. पेशंटशी कसा संवाद साधाल, हा प्रश्न येतोच. तेव्हा पुस्तकातलं उत्तर देऊ नकोस, तुझ्या पोस्टिंगमधली एखादी आजी सांग.

वैयक्तिक प्रश्नही येतील. लग्न कधी, घरी कोण, नाइट करू देतील का. मीही विचारायचे. प्रत्येक मुलीला. एकीने शांतपणे विचारलं, ‘मॅडम, ब्रदरांना पण विचारता का?’ पुरुष नर्सना नव्हते विचारत. त्यानंतर बंद केलं. तुला विचारलं तर चिडू नकोस, ‘तिन्ही शिफ्ट करायची माझी तयारी आहे’ एवढं सांगून गप्प बस.

शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का? तू नाही म्हणून उठशील. तुझी सगळी बॅच तशीच उठते. उठू नकोस. हे विचार : पहिले किती दिवस सिनियरबरोबर असेन? एकटीने पेशंट कधीपासून? नाइटला वॉर्डात सिस्टर किती आणि पेशंट किती? आयसीयू देणार असतील तर तिथे व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक आणि बाकी दोघांमागे एक सिस्टर असायला हवी, तेवढ्या असतात का? सुई टोचली तर कुठे जायचं? ह्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर तयार असेल तर बरं रुग्णालय समज, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग राहत नाही. पहिल्याच आठवड्यात एकटीला नाइट देणारं ठिकाण दोन-तीन हजार जास्त देत असेल, तरी मी तुला तिथे जाऊ नको म्हणेन. पहिल्या सहा महिन्यांत शेजारी कोण उभं आहे यावर तुझा हात घडतो. काचेच्या इमारतीकडे बघून मुली भुलतात. मीही भुलले असते, पण तेव्हा काचेच्या नव्हत्या.

पगार. हातात किती, मेस-हॉस्टेलचं किती कापतात, नाइटचा भत्ता आहे का, ओव्हरटाइम लिहितात का. सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून २०१६ साली केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती : दोनशेहून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार, पन्नासहून कमी असतील तरी निदान वीस हजार. शिफारस कागदावर आहे. तू मुलाखतीत तिचं नाव काढलंस तर पॅनेल एकमेकांकडे बघेल. पण आकडा तुझ्या डोक्यात असू दे, म्हणजे दहा हजार सांगितल्यावर तुझा चेहरा आनंदी दिसणार नाही. बाँड असेल तर तो घरी आणून वाच, किती वर्षं, सोडल्यास किती भरायचे. ‘आत्ताच सही’ म्हणाले तर आत्ताच नाही.

सरकारीचं तू विचारलं नाहीस, पण आईने विचारलं असणार. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे त्यांच्या नर्सभरतीच्या परीक्षेला, जीएनएम डिप्लोमावाल्यांना निदान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून पहिली नोकरी तेवढ्या खाटांची घे आणि सोडताना अनुभवपत्रावर खाटांचा आकडा लिहून घे. राज्याची अधिपरिचारिकेची जाहिरात आली की भरायची. जर्मनीला नर्स पाठवणाऱ्या एजंटांना सध्या फोन नंबर देऊ नकोस, आधी दोन वर्षं वॉर्डात घाल, मग भाषेचं बघू.

सोमवारी अकराची वेळ दिलीय म्हणजे साडेनऊला पोच. लेखी, प्रात्यक्षिक, पॅनेल, एचआर, सगळं होईतो चार वाजतात. डबा ने. गेटवरच्या सिक्युरिटीला, मावशींना नीट विचारून आत जा. दोन मावश्या जिन्यात बोलत असतील तर जरा रेंगाळ, त्या मजल्यावर सिस्टर किती टिकतात ते एचआरपेक्षा त्यांना चांगलं माहीत असतं.

नखं काप, केस जाळीत घाल. आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घालून जा, नाडी आणि थेंब मोजायला लावतात. आत मोबाइल नेऊ देत नाहीत.

तुझी,
मॅडम

ता. क. इन्सुलिनचं उलटं गणित सोडवून पाठव : ४० युनिटची व्हायल, हातात १०० युनिटवाली नारिंगी सिरिंज, द्यायचे वीस युनिट. आपण असं देणार नाही, सिरिंज बदलणार. पण रेघ कितीची येईल ते मला कागदावर हवंय.